लेन्स घेण्याआधी आपलेच फोटो मोजा

आज बोलू या कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल. आमच्या काही गटांनी मालाचे फोटो काढायला आणि बारसं, डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घ्यायला छोटा मिररलेस कॅमेरा घेतला आहे. त्याच्या खोक्यात एक लहान झूम लेन्स येतेच. काही महिने गेले की बैठकीत विषय निघतो, आता दुसरी लेन्स घ्यायची का आणि कोणती?

दुकानात गेलं की बऱ्याचदा सोबत आलेल्या दिराला नाहीतर भाच्यालाच सगळं समजावलं जातं. बायकांना यातलं काय कळतंय, असा तो भाव. आपल्या नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर जहीराबाद लागतं. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका कितीतरी वर्षं स्वतः कॅमेरा चालवून फिल्म करतात. २००८ साली त्यांचा ‘संघम रेडिओ’ही सुरू झाला. तेव्हा कळण्याचा प्रश्न नाही. लेन्सवरचे दोन आकडे आणि दोन-तीन अक्षरं वाचता आली की पुरे.

पहिला आकडा मिलिमीटरचा. समजा लेन्सवर १६-५० लिहिलंय. आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. आकडा जितका मोठा, तितकी लांबची वस्तू जवळ दिसते. नळदुर्गचा पाणीमहाल आणि पावसाळ्यात तिथे कोसळणारे नर-मादी धबधबे एका फोटोत बसवायचे तर १६ कामाला येतं. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत गर्दीपलीकडची पालखी टिपायची तर २०० च्या आसपास लागतं.

दुसरा आकडा उजेडाचा. तो ‘एफ’ पुढे असतो आणि उलटा चालतो. आकडा लहान म्हणजे उजेड जास्त. खोक्यातल्या लेन्सवर बहुतेक ३.५-५.६ असं काहीतरी असतं. म्हणजे रुंद बाजूला ३.५ आणि झूम करत ५० वर गेलं की ५.६. झूम केलं की उजेड कमी होतो, तो यामुळे. काही लेन्सवर एकच आकडा असतो, २.८. ती लेन्स ५.६ च्या चौपट उजेड आत घेते. संध्याकाळी देवळात आराध्यांचा मेळा बसलाय. ५.६ वर शटर १/३० सेकंद ठेवावं लागत असेल, तर २.८ वर ते १/१२५ पर्यंत नेता येतं. १/३० ला टाळी वाजवणारा हात पुसट येतो, १/१२५ ला तो बराच स्पष्ट येतो.

आता अक्षरं. सोनीच्या लेन्सवर ओएसएस, कॅननच्या आयएस, निकॉनच्या व्हीआर, टॅमरॉनच्या व्हीसी. नावं वेगळी, काम एकच, आपल्या हाताचा हलका कंप सावरणं. पण समोरचं हलतंय ते यानं थांबत नाही. गोठ्याच्या अंधारात आपली काळी उस्मानाबादी शेळी उड्या मारत असेल, तर तिला उजेड आणि वेगवान शटरच लागतं.

मग घ्यायची कोणती? दुकानात जाण्याआधी मेमरी कार्ड उघडा. शेवटचे दोनशे फोटो बघा. फोटोची माहिती दाखवणारं बटण दाबलं की तो किती मिलिमीटरवर, किती शटरवर काढला ते दिसतं. वहीत चार रकाने आखा आणि प्रत्येक फसलेल्या फोटोची एक रेघ मारा. पहिला रकाना, ५० वर जाऊनही माणूस लांबच राहिला. दुसरा, कमी उजेडात पुसट आला. तिसरा, १६ वर जाऊनही सगळं मावलं नाही. चौथा, लेन्सचा दोष नाही, घाई झाली किंवा मागे पसारा होता.

पहिला रकाना भरला आणि ते फोटो दिवसाचे, उघड्यावरचे असतील, तर लांबची लेन्स घ्या. सोनीची ५५-२१०, कॅननची आरएफ-एस ५५-२१०, निकॉनची डीएक्स ५०-२५०, या सगळ्या हलक्या आहेत. पण सोनीची ५५-२१० लेन्स २१० वर ६.३ ला जाते, म्हणजे २.८ च्या साधारण पाचवा हिस्सा उजेड. रात्रीच्या स्टेजसाठी ती घेऊ नका.

दुसरा रकाना भरला असेल, तर २.८ ची लेन्स बघा. सिग्माची १८-५० फक्त २९० ग्रॅमची आहे, पण तिच्यात कंप सावरायची सोय नाही. टॅमरॉनच्या १७-७० मध्ये ती आहे, पण वजन ५२५ ग्रॅम. सोनीच्या झेडव्ही-ई१० सारख्या कॅमेऱ्यात बॉडीतही ही सोय नसते. त्यावर सिग्मा लावून व्हिडिओ काढायचा तर ट्रायपॉड हवाच.

तिसरा रकाना भरला, तर आधी दोन पावलं मागे जाता येतं का ते बघा. चौथा रकाना सगळ्यात लांब निघाला, तर लेन्स घेऊच नका. पापड, कुंथलगिरीचा खवा, तुळजापूरची कवड्यांची माळ, यातलं काहीच हलत नाही. खिडकीजवळ पांढरा कापड अंथरा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. खोक्यातली लेन्स हे काम चोख करते.

जुनी लेन्स स्वस्त मिळते, पण तपासून घ्या. एका बाजूने मोबाईलची बॅटरी लावून दुसऱ्या बाजूने आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. झूमची कडी अडखळते का, फोकस पटकन लागतो का, हे आपल्याच कॅमेऱ्यावर लावून बघा. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं असतं, त्यामुळे सोनीची लेन्स निकॉनवर थेट बसत नाही.

शेवटी हिशोब. समजा गटातून ३०,००० रुपये घेतले, बारा महिन्यांसाठी, शेकडा १ रुपया महिना, घटत्या मुदलावर. पहिला हप्ता २,५०० मुद्दल आणि ३०० व्याज, म्हणजे २,८००. वर्षाचं व्याज १,९५०. आता सगळ्यांसमोर विचारा, या लेन्समुळे महिन्याला जादा २,८०० येतील अशी कामं हातात आहेत का? लग्नसराईत येतील, पण आषाढ-श्रावणात? हप्ता तर तेव्हाही भरायचाच आहे. वर्षातून दोनदाच ती लेन्स लागणार असेल, तर तेवढ्यापुरती भाड्याने आणणं परवडतं.

येत्या बैठकीला कॅमेरा आणि वही दोन्ही घेऊन या. रेघा सगळ्याजणी मिळून मोजा, कॅमेरा कधीच हातात न धरलेल्या मावशींनाही सोबत बसवा, कारण बचत त्यांचीही आहे. ठराव इतिवृत्तात लिहा, त्यात लेन्सचं नाव आणि ती कोणत्या कामासाठी घेतोय तेही लिहा. मग दुकानात जा. दुकानदारानं दुसरीच लेन्स पुढे केली, तर त्याच्यासमोर वही उघडा.