बदकांची घरगुती उबवणी

इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यात उली नावाचे एक खेडे आहे. तेथे राहणाऱ्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरपूर अंडी घालणाऱ्या रनर जातीच्या मादीचा संकर प्रथम रुआँ जातीच्या नराशी व पुढे मॅलार्ड या रानबदकाशी घडवून आणला, आणि त्यातून जी जात सिद्ध झाली ती आज खाकी कॅम्पबेल या नावाने आपल्या देशातही पाळली जाते. उत्तम निगा राखल्यास वर्षाकाठी ३०० च्या घरात अंडी देणारा हा पक्षी त्या अंड्यांवर बसण्याच्या कामी मात्र सहसा निरुपयोगी ठरतो. यात नवल नाही; कारण मादी खुडूक झाली की तिचे अंडी घालणे बंद पडते, आणि अधिक अंड्यांच्या हव्यासाने पिढ्यानपिढ्या निवड करणाऱ्या मनुष्याने ही बसण्याची प्रवृत्तीच क्षीण करून टाकली. तेव्हा बदकाची अंडी घरी उबवू पाहणाऱ्याने आरंभीच ध्यानी धरावे, की आपल्याच जातभाईंनी पक्ष्याकडून काढून घेतलेले एक काम आपण शिरावर घेत आहोत, आणि त्याचे सारे नियम त्या पदच्युत मातेच्या वर्तनावरूनच शिकावयाचे आहेत.

प्रथम मुदतीचा हिशेब. मॅलार्डपासून उत्पन्न झालेल्या सर्व पाळीव जातींच्या अंड्यांना २८ दिवस लागतात. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील मस्कव्ही बदकाच्या अंड्यांना मात्र सुमारे ३५. अंडी नर असलेल्या कळपातील, मध्यम आकाराची, न तडकलेली आणि सात दिवसांच्या आतली असावीत, व उबवणीस ठेवीपर्यंत निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. बदके बहुधा पहाटेच्या सुमारास अंडी घालतात. म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत त्यांना कोरडे गवत अंथरलेल्या खोपटात कोंडून ठेवण्याचा बंदोबस्त केला, तर अंडी चिखलात पडत नाहीत आणि ती धुण्याचा मोहही होत नाही. तो मोह टाळलाच पाहिजे, कारण कवचावरचा नैसर्गिक लेप निघून गेला म्हणजे त्याच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतूंना आत शिरण्यास मुभा मिळते.

आता मातेचे वर्तन पाहावे. ती अंड्यांवर बसते, चोचीने त्यांची उलथापालथ करते, दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी उठून चरावयास व पाण्यावर जाते, आणि ओलसर पिसांनिशी परतून पुन्हा बसते. उबवणी यंत्राच्या नोंदवहीतील प्रत्येक रकाना या दिनक्रमातूनच आलेला आहे. आत पंखा असलेल्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सियस राखावी. पंखा नसेल, तर वरची हवा खालच्यापेक्षा अधिक तापते म्हणून तापमापक अंड्यांच्या माथ्याशी ठेवून तेथे एखादा अंश अधिक असू द्यावा. यंत्रातील पाण्याची थाळी भरलेली ठेवून हवेची आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान सांभाळावी. अंड्यांच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस शून्य पेन्सिलीने काढून ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा पालथी करावीत; न हलविल्यास गर्भ आतील पापुद्र्यास चिकटून मरतो. ही संख्या विषम ठेवण्याचे कारण असे, की रात्रीचा दीर्घ अवकाश त्यामुळे रोज आलटून पालटून वेगवेगळ्या कुशीवर जातो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतापुढे अंडे धरले असता, गर्भ धरलेल्या अंड्यात एका काळ्या ठिपक्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या लाल रक्तवाहिन्या फाकलेल्या दिसतात. वांझ अंडे स्वच्छ राहते, आणि गर्भ मरून गेला असेल तर रक्ताचे नुसते कडे उरते. शेवटची दोन्ही प्रकारची अंडी तत्काळ बाद करावीत, कारण कुजलेले अंडे फुटले तर साऱ्या खेपेचा नाश होतो. अंड्याच्या बोथट टोकाशी असलेली हवेची पोकळी दिवसेंदिवस वाढत जाते, आणि अखेरपर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ ते १४ टक्क्यांनी घटते. म्हणजे ७० ग्रॅमचे अंडे नऊएक ग्रॅमने हलके होणे हे रीतसर होय. घट फार कमी असेल तर आर्द्रता कमी करावी, फार अधिक असेल तर वाढवावी.

उत्तरार्धात गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो. चीनमध्ये आणि बंगालच्या पाणथळ मुलखात भाताच्या तुसात टोपल्या रोवून बदकाची अंडी उबविण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात वयस्क अंड्यांच्या याच उष्णतेने नव्याने ठेवलेल्या अंड्यांना ऊब पुरविली जाते. म्हणून दहाव्या दिवसानंतर रोज दहा-पंधरा मिनिटे यंत्र उघडून अंडी निववावीत व त्यांवर कोमट पाण्याचे हलके तुषार मारावेत. मातेची पाण्यावरची फेरी ती हीच. याच कारणास्तव तास-दोन तास वीज गेल्याने घाबरून जाऊ नये; ४० अंशांच्या पुढे चढलेला पारा त्याहून किती तरी घातक असतो. ज्याला यंत्र परवडत नाही त्याने खुडूक बसलेल्या देशी कोंबडीखाली आठ-दहा अंडी रवणास घालावीत. मात्र ती स्वतः पाण्यात जात नसल्याने तुषारांची तजवीज आपणच करावी, आणि २१ दिवसांची मुदत संपूनही तिला आणखी आठवडाभर बसावे लागते, हे लक्षात घेऊन तिच्या दाण्यापाण्यात कसूर करू नये.

पंचविसाव्या दिवशी अंडी हलविणे व निवविणे दोन्ही थांबवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यावी, आणि यंत्राचे झाकण शक्यतो उघडूच नये. पिलू प्रथम आतला पापुद्रा भेदून हवेच्या पोकळीत श्वास घेते, मग चोचीवरील कठीण टोकाने कवचाला बारीक भोक पाडते आणि तेथेच थबकते. हा विश्राम २४ तास, क्वचित त्याहूनही अधिक चालतो, आणि हौशी माणसाचा हात येथेच शिवशिवतो. परंतु याच अवधीत पापुद्र्यातील रक्तवाहिन्या सुकत असतात आणि उरलेला बलक पिलाच्या उदरात ओढला जात असतो. अशा वेळी टरफल सोलून मदत करणे म्हणजे रक्तस्राव घडवून आणणे होय. पोटात गेलेल्या त्या बलकाच्या आधारे पिलू एक-दोन दिवस अन्नावाचून राहू शकते, त्यामुळे ते वाळेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे.

यंत्राला एक गोष्ट मात्र देता येत नाही. गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले, की बदकाचे पिलू अंड्यात असतानाच ऐकते व बोलते. ज्यांचा आवाज अंड्यातच बंद करून त्यांना एकाकी ठेवले, त्या पिलांना पुढे स्वजातीच्या मातेची हाक कोंबडीच्या हाकेपासून निवडता येईना. आणि कोनराड लोरेंत्स यांनी, ज्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटा मिळाला, बदके व हंसक यांच्यावरील निरीक्षणांतून हे प्रसिद्ध केले, की जन्मल्यावर लवकरच समोर हलणाऱ्या पहिल्या जिवाला पिलू आपला मानते. म्हणून एकटे अंडे कधी उबवू नये. भावंडांचा चिवचिवाट ही मातेच्या आवाजाची उणीव अंशतः तरी भरून काढतो.

पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ अंशांच्या आसपास ऊब द्यावी व पुढे दर आठवड्यास ती दोन-तीन अंशांनी उतरवावी. मातेच्या पिसांतील तेल अंगी न लागलेली ही पिले पाण्यात सोडल्यास भिजून गारठतात, तेव्हा चोच व नाकपुड्या बुडतील एवढेच पाणी उथळ थाळीत ठेवावे. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड त्यांच्या जवळपासही येऊ देऊ नये. १९६० साली इंग्लंडात टर्की पक्ष्यांसह बदकांची पिलेही अशाच पेंडीने दगावली, आणि त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला.

राहता राहिला एक व्यवहाराचा प्रश्न, जो खुडूक मातेला कधी पडत नाही. पिलांत नर व मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात, आणि पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरेसा होतो. म्हणजे दहा पिले जगली तर चार नर शिलकी. त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न २८ दिवसांनी टरफल फोडून बाहेर येणारच आहे, तेव्हा त्याचे उत्तर अंडी ठेवण्याच्या दिवशीच काढून ठेवलेले बरे.