लुई बँक्स : जॅझ पियानोची साथसंगत

जॅझ पियानोवादक आणि संगीतकार लुई बँक्स यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९४१ रोजी दार्जिलिंगच्या एका नेपाळी कुटुंबात झाला. मूळ नाव डंबर बहादूर बुडाप्रिती. वडील ट्रम्पेट वाजवत आणि जॉर्ज बँक्स या नावाने ओळखले जात. विख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगवरून त्यांनी मुलाचे नाव लुई ठेवले. मुलाने गिटार आणि ट्रम्पेट हाताळून पाहिले आणि अखेर तो पियानोवर स्थिरावला. पुढे काठमांडूत वाजवून ते कोलकात्याला आले. तिथल्या पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’ रेस्तराँत गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबत त्यांचा जम बसला. राहुलदेव बर्मन यांनी त्यांना हेरले आणि बँक्स मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत आले. नंतर मुंबईकरच झाले.

जॅझ ऐकणाऱ्याला अवघड वाटतो, पण पेण-रोह्याच्या भजनांत बसलेल्या माणसाला त्याची रीत लगेच उमगेल. बुवा आधी अभंगाची चाल मांडतात, मग ती फिरवतात, आळवतात आणि पुन्हा धृपदावर येतात. पेटीवाला आणि पखवाजी त्यांच्या मागे सावध असतात. जॅझमध्येही आधी ठरलेली धून वाजते, मग एकेक वादक तिच्यावर जागच्या जागी नवे रचतो. दुसऱ्याची पाळी चालू असताना पियानोवादक मोजके स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड्स, नेमक्या क्षणी टाकतो. ही संगत बेतशीर असावी लागते. जास्त वाजवले तर सॅक्सोफोन गुदमरतो, कमी वाजवले तर तो एकटा पडतो.

मुंबईला जॅझ नवा नव्हता. १९३०च्या दशकातच अमेरिकी पियानोवादक टेडी वेदरफर्ड ताजमहाल हॉटेलात वाजवत होते. बँक्स यांनी १९८०च्या दशकात कर्नाटक संगीतातील गायिका रमामणी यांच्यासारख्या कलावंतांबरोबर भारतीय रागांना जॅझशी जोडले. हे काम दिसते त्याहून कठीण आहे. पियानोवर मींड निघत नाही, आणि रागाला कॉर्ड्सची सवय नसते. भूप रागात म आणि नी वर्ज्य. तिथे सा-ग-प किंवा ध-सा-ग हे स्वर एकत्र वाजवता येतात; पण सवयीने म-ध-सा टाकले की भूप मोडलाच. हाताशी असलेल्या कितीतरी कॉर्ड्स पियानोवादकाला सोडाव्या लागतात.

बँक्स हे नाव माहीत नसलेल्यांनीही त्यांचे एक काम नक्की ऐकलेले आहे. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल अशोक पटकी यांची, संयोजनात पी. वैद्यनाथन यांच्यासह बँक्स होते. भीमसेन जोशींच्या भैरवीतून निघालेली एकच ओळ भाषेमागून भाषेत जाते. ताल, वाद्ये, गळे बदलत राहतात, तरी धागा तुटत नाही. गाणाऱ्याला जागा करून देण्याची जॅझमधली ही शिस्त संयोजनात इतकी चोख उतरलेली क्वचितच आढळते. मुंबईत त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्सही केल्या.

२००८ साली प्रसिद्ध झालेले ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा ‘फ्लोटिंग पॉइंट’ हे दोन्ही अल्बम ग्रॅमीच्या समकालीन जॅझ विभागात नामांकित झाले. पहिला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संगीताला वाहिलेला, दुसरा मॅक्लॉफ्लिन यांच्या रचनांचा. दोन्हींत बँक्स साथीला आहेत.