ब्रुक, पीटर
(२१ मार्च १९२५–२ जुलै २०२२). ख्यातनाम ब्रिटिश नाट्यदिग्दर्शक. जन्म लंडन येथे. शिक्षण ऑक्सफर्ड विद्यापीठात. ऐन विशीतच त्याने नाव मिळविले. सालोमे (१९४९) या संगीतिकेसाठी त्याने साल्वादोर दालीकडून नेपथ्य करवून घेतले व त्यावर मोठा गदारोळ उठला. दृश्यवैभवाचा हा सोस पुढे ओसरला. किंग लिअरच्या (१९६२) प्रयोगात त्याने रंगमंच जवळजवळ उघडाच ठेवला. नट, प्रेक्षक आणि मोकळी जागा एवढ्यावर नाट्य उभे राहते, ही भूमिका त्याने द एम्प्टी स्पेस (१९६८) या ग्रंथात मांडली. अ मिडसमर नाइट्स ड्रीममधील (१९७०) अरण्य त्याने पांढऱ्या भिंतींच्या चौकटीत उभे केले. झाडांच्या जागी तारेची वेटोळी आली आणि पऱ्या झुल्यांवर.

१९७० पासून पॅरिस हे त्याचे कार्यक्षेत्र झाले. तेथील बूफ द्यू नॉर हे पडीक नाट्यगृह त्याने १९७४ मध्ये, भिंतींचे पोपडेही न झाकता, सुरू केले. महाभारताचा त्याचा सुमारे नऊ तासांचा प्रयोग (१९८५) प्रथम आव्हीन्यॉंजवळील एका दगडखाणीत झाला. संहिता झां-क्लोद कार्येरची. नट अनेक देशांचे, द्रौपदी मात्र मल्लिका साराभाई. या महाकाव्याला भारतीय परंपरेपासून तोडले, असा आक्षेप रुस्तुम भरुचा यांनी घेतला. तो निराधार नाही; गीतोपदेश त्यात फारच थोडक्यात आटोपतो. तथापि मूळ संदर्भ दूर सारण्याची हीच रीत त्याने शेक्सपिअरच्या बाबतीतही अवलंबिली होती, हे विसरता येत नाही.

भारत सरकारने त्याला पद्मश्री दिली (२०२१). बॅटलफील्डमध्ये (२०१५) तो पुन्हा महाभारताकडे वळला, तेव्हा रंगमंचावर चार नट व एक वादक एवढेच होते.