पिवळ्या पिशवीची तीस वर्षं

जर्मनीने 1991 साली वेष्टनांचा कायदा केला आणि वेष्टनाच्या विल्हेवाटीचा खर्च ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या गळ्यात घातला. घरोघरी पिवळ्या पिशव्या आल्या. दह्याचे डबे, दुधाची खोकी, प्लॅस्टिक, सगळं त्यात. लोकांनी त्या इतक्या इमानाने भरल्या की 1993 मध्ये कचरा गोळा करणारी यंत्रणा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. एवढं निवडायचं कोणी? सरकत्या पट्ट्याशी उभी राहून माणसं हाताने निवडत. बराच माल परदेशी जाई.

धातू निवडणं यंत्राला सोपं होतं. लोखंड चुंबकाला चिकटतं. ॲल्युमिनियम चिकटत नाही, पण वेगाने फिरणाऱ्या चुंबकांमुळे त्यात वीजप्रवाह तयार होतो आणि ते पट्ट्यावरून पुढे फेकलं जातं. घोळ होता तो प्लॅस्टिकचा. दोन बाटल्या दिसायला सारख्या, पण वेगळ्या जातीच्या असतील तर एकत्र वितळवून हाती निकृष्ट माल येतो. नव्वदीच्या दशकात टायटेक या नॉर्वेच्या कंपनीने अवरक्त प्रकाशाने हा तिढा सोडवला. प्रत्येक जातीचं प्लॅस्टिक हा प्रकाश आपापल्या तऱ्हेने परतवतं. यंत्र ते ओळखतं आणि पट्ट्याच्या टोकाला हवेचा झोत नेमकी तेवढीच वस्तू पलीकडच्या कप्प्यात उडवतो. 2004 मध्ये टोमरा या कंपनीने टायटेक विकत घेतली.

काळ्या ट्रेपुढे मात्र ही नजर आंधळी ठरली. त्यांच्या रंगातली काजळी प्रकाश गिळून टाकते. आणि ट्रे काळे का, तर त्यात खाद्यपदार्थ उठून दिसतात म्हणून! इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि दुकानाच्या फळीवरच्या शोभेने तो फुकट घालवायचा, हे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत बोलकं वाटतं.

2018 मध्ये चीनने परदेशी प्लॅस्टिक कचऱ्याला दार बंद केलं, तेव्हा आपला पसारा घरातच निस्तरण्याचा दबाव युरोपवर वाढला. जर्मनीने 2019 पासून प्लॅस्टिक वेष्टनांच्या पुनर्प्रक्रियेचं लक्ष्य 36 टक्क्यांवरून 58.5 वर नेलं, 2022 पासून 63 वर. स्वीडनमध्ये मोताला इथे 2023 मध्ये वर्षाला दोन लाख टन प्लॅस्टिक वेष्टनं निवडू शकणारा कारखाना उघडला. हातांनी वस्तू उचलणाऱ्या रोबोटांचाही बराच गाजावाजा झाला. फिनलंडच्या झेनरोबोटिक्सने ते आधी बांधकामाच्या राडारोड्यावर चालवले.

आता डोकेदुखी लिथियमच्या बॅटऱ्यांची. खेळण्यात दडलेली बॅटरी वरवर पाहणाऱ्या यंत्राला दिसत नाही. ती पुढे चिरडली जाते आणि कारखान्यात आग लागते. प्लॅस्टिकची जात ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जोडीला आता उष्णता टिपणारे कॅमेरेही बसवावे लागतात.