प्रिंटर दिसतो, पण सापडत नाही

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा एखादा कर्मचारी घरून काम करायला बसतो. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप उघडतो, ओळखपत्र खाचेत सरकवतो, पिन टाकतो आणि व्हीपीएन जोडतो. एवढं झालं की हाताच्या अंतरावरचा वाय-फाय प्रिंटर त्याला सापडेनासा होतो. मुलांच्या टॅबलेटवरून मात्र त्याच प्रिंटरवर रंगीत चित्रं खुशाल छापली जात असतात.

यात बिघाड कसलाच नाही. वायरलेस प्रिंटर घरातल्या नेटवर्कवर स्वतःची हजेरी लावतो आणि ती हाक साधारणपणे राउटर ओलांडत नाही. व्हीपीएनने लॅपटॉपची सगळी वाहतूक सरकारी नेटवर्ककडे वळवली, की घरातली हाक ऐकायला कोणी उरत नाही. थोडी वाहतूक इकडे, थोडी तिकडे ही सोय म्हणजे ‘स्प्लिट टनेलिंग’. सरकारी कंत्राटदारांसाठीच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-१७१ या मानकाच्या २०२० च्या आवृत्तीत तिला मनाई आहे. घरच्या नेटवर्कवर घुसलेल्याला लॅपटॉपमार्गे आत वाट मिळू नये, हा हेतू.

मग वायर लावावी? तिथे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, आडवा येतो, आणि ड्रायव्हरबद्दलची धास्ती २०२१ च्या उन्हाळ्यात वाढली. विंडोजमध्ये छपाईची कामं रांगेत लावणारी ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा सर्वोच्च अधिकारांनिशी चालते. साध्या खात्याने आत आलेला माणूसही ड्रायव्हरच्या नावाखाली हवा तो कोड तिच्या गळी उतरवू शकतो, हे त्या जूनच्या अखेरीस उघड झालं. या त्रुटीला ‘प्रिंटनाइटमेअर’ हे नाव पडलं. १३ जुलैला सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने आणीबाणीचा आदेश काढला: नागरी केंद्रीय खात्यांनी आपल्या डोमेन कंट्रोलरवरचा (नेटवर्कचं लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवरचा) स्पूलर दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत बंद करावा. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनेही नियम बदलला आणि नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा अधिकार लागू लागला. सरकारी लॅपटॉपवर तो अधिकार सहसा कर्मचाऱ्याकडे नसतो, त्यामुळे केबल लावूनही ड्रायव्हर अडू शकतो.

धडा खरं तर जुना होता. इराणच्या अणुकार्यक्रमावर सोडलेला स्टक्सनेट हा संगणकीय किडा ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक याच स्पूलरमधून जात होती. ते भोक २०१० मध्ये बुजवलं गेलं. अकरा वर्षांनी त्याच भिंतीत दुसरं सापडलं!

सुरक्षा अधिकारी कार्यालयातल्या प्रिंटरचंही वाय-फाय आणि ‘वाय-फाय डायरेक्ट’ बंद करायला सांगतात, तेव्हा तो आडमुठेपणा नसतो. केबलने कार्यालयाशी जोडलेलं यंत्र स्वतःचं वायरलेस नेटवर्क पसरवू लागलं, की इमारतीबाहेर उभ्या असलेल्यालाही दार मिळतं.

तोडगा येतोय, तो ड्रायव्हरच काढून टाकण्याचा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतल्या संरक्षित छपाईत ‘मोप्रिया’ या संघटनेचं प्रमाणपत्र असलेले प्रिंटर कंपनीच्या ड्रायव्हरविना चालतात. व्हीपीएनची भिंत मात्र त्याने हटत नाही. तेव्हा कार्यालयाच्या लॅपटॉपसाठी प्रिंटर घ्यायचा असेल, तर मॉडेल आधी तिथल्या आयटी विभागाला विचारून घ्यावं आणि खोक्यात यूएसबी केबल आहे का, तेही बघावं.