वादळापूर्वीचे कर्तव्य

मे महिना सरू लागला, की कोकण किनाऱ्यावरील माणसाची दृष्टी आपोआप नैर्ऋत्येकडे वळते. घरे शाकारली जातात, होड्या वर ओढल्या जातात, जळण आणि सुकी मासळी कोरड्या जागी हलविली जाते. मृगाची ही वाट पाहणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु अलीकडे या प्रतीक्षेत एक नवी धास्ती मिसळली आहे. पावसाच्या आधी वादळ तर येणार नाही ना, हा प्रश्न आता किनाऱ्यावरील वाडीवाडीत विचारला जातो. ही धास्ती अनाठायी आहे, असे आम्हांस वाटत नाही.

अरबी समुद्र शांत, बंगालचा उपसागर तेवढा खवळणारा, अशी आपली जुनी समजूत. तिला आधारही होता. उपसागरात चार वादळे उठावीत तेव्हा अरबी समुद्रात एखादे उठे, आणि तेही बहुधा गुजरातेकडे वा ओमानकडे निघून जाई. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईने चक्रीवादळाचा तडाखा खाल्ला होता. पण ती आठवण त्या पिढीबरोबरच पुसट झाली. समुद्र मात्र आपल्या समजुतीप्रमाणे वागण्यास बांधलेला नाही. पृष्ठभागाचे पाणी साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले, की वादळास लागणारी वाफ व शक्ती तेथे मिळू लागते; आणि अरबी समुद्र तर गेली काही दशके सतत तापत चालला आहे. एकट्या २०१९ साली या समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. त्यानंतर तरी आपण सावध व्हावयास हवे होते.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी दुपारी, ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आधी मुंबईवर येईल असे वाटणारे संकट थोडे दक्षिणेकडे सरकले आणि या महानगराने सुटकेचा निःश्वास टाकला. पण मुंबई वाचली म्हणजे वादळ टळले काय? त्याच घटकेला श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत घरांची कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडत होते. विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, आणि पंप नाही म्हणून पाणी नाही, अशी ती साखळी होती. त्यातच करोनाची साथ! एका छपराखाली दाटीने निवारा घेणेही जेथे धोक्याचे, तेथे छप्पर गेलेल्या माणसाने जावे कोठे?

मनुष्यहानी थोडी झाली, हे खरे. परंतु हानी केवळ मृतांच्या संख्येने मोजावयाची नसते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तेथील वाड्यांमधून आजा-पणजाने लावलेली पोफळी आणि माड काही तासांत आडवे झाले. भाताचे पीक बुडाले तर शेतकऱ्याचे एक वर्ष बुडते; पोफळ पडली तर नवे रोप फळावर येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेवढा काळ त्या कुटुंबाने खावे काय? सरकारी मदत हेक्टरी हिशेबाने मोजली जाते, आणि कोकणातील वाडी असते गुंठ्यांची. म्हणून झाडागणिक भरपाई द्या, ही बागायतदारांची मागणी आम्हांस न्याय्य वाटते.

वेधशाळेचे काम आज पूर्वीपेक्षा कितीतरी सरस झाले आहे. वादळाची वार्ता आता दिवसदिवस आधी कळते, ही मोठीच प्रगती होय. पण वार्ता कळणे आणि माणूस वाचणे यांत अंतर असते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ येत असल्याची सूचना दिली गेली होती. तरीही मुंबईपासून दूर भर समुद्रात, तेलक्षेत्राच्या कामावरील कामगारांची वस्ती असलेला ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि सत्तराहून अधिक माणसे प्राणास मुकली. सूचना होती, तिच्याप्रमाणे वागणे झाले नाही. काम दोन दिवस थांबविण्याचा खर्च जास्त, की माणसाचा जीव?

या बाबतीत ओडिशाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या राज्याने तो घाव विसरला नाही. किनाऱ्यावर पक्के निवारे उभारले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, तालमी घेतल्या. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले, तेव्हा लाखो माणसे आधीच सुरक्षित जागी हलविली गेली होती. मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. वारा कमी नव्हता, व्यवस्था निराळी होती. ओडिशाहून संपन्न म्हणविणाऱ्या महाराष्ट्रास हे अशक्य का असावे?

आमच्या मते करावयाचे काम अवघड नाही, चिकाटीचे मात्र आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक मोठ्या गावास एक पक्की इमारत हवी. एरवी ती शाळा म्हणून वापरावी, वादळात निवारा म्हणून. किनारी गावांतील विजेच्या तारा शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात. बंदरात बावटा चढला, की समुद्रात किती होड्या आहेत आणि त्यांवर किती खलाशी आहेत, याचा हिशेब त्याच तासाला मिळाला पाहिजे. लाटेचा जोर अंगावर घेणारी तिवरे तोडून त्यांवर भराव घालणे थांबले पाहिजे. आणि गावातील म्हातारी, आजारी व अपंग माणसे कोण उचलणार, हे नावानिशी आधीच ठरलेले असावे.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. वादळाच्या बाबतीत ती सवय प्राणघातक ठरते. कारण वादळ दारात आल्यावर खणावयास वेळच उरत नाही. मुंबईच्या वाचकांनीही हा प्रश्न कोकणाचा म्हणून बाजूस सारू नये. वरळी, माहीम, वेसावे येथील कोळीवाडे याच समुद्राच्या काठी वसले आहेत. एकदा सरकलेले वादळ दर वेळी सरकेलच, असा भरवसा कोणी द्यावा? आकाश निरभ्र आहे तोवरच हे काम व्हावयास हवे.