अक्षरांची खातेवही : लेखांक सहावा
आठशे शहाण्णव घरांचे अंतर

देवनागरी वर्णांना युनिकोडाच्या खातेवहीत क्रमांक कसे मुक्रर झाले, ते मागील लेखांकात आपण पाहिले. आज त्या क्रमांकांचा शेजार न्याहाळावयाचा आहे. त्यासाठी बेंगळुरू हे नगर फार सोयीचे आहे, कारण १६३८च्या सुमारास शहाजीराजांकडे येथील जहागीर आली, तेव्हापासून मराठी व कन्नड येथे एकमेकींच्या सहवासात नांदत आल्या आहेत, आणि येथील कित्येक मराठी घरांत वडील मंडळी देवनागरीत लिहितात, तर मुले कन्नड अक्षरे गिरवितात.

देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. देवनागरी 'ळ' २३५५, तर कन्नड 'ळ' ३२५१. दोन्हीकडे अंतर ८९६. हा योगायोग नव्हे. ब्राह्मीपासून उद्भवलेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच असल्यामुळे सर्वांना एकच संकेत द्यावा, आणि तो कोणत्या लिपीत दाखवावयाचा हे निराळ्या खुणेने सांगावे, असा इस्की या भारतीय मानकाचा सिद्धान्त होता. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने रुजू केले. युनिकोडाच्या कर्त्यांनी त्याच मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवरून वर्णांचा क्रम उचलला. मात्र एकाच ओळीत दोन लिप्या खुणेवाचून नांदाव्यात म्हणून प्रत्येकीला १२८ घरांची स्वतंत्र पेठ वसवून दिली. देवनागरीनंतर बंगाली, गुरमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि मग कन्नड : सातवी पेठ, आणि सात गुणिले १२८ म्हणजे ८९६.

मग देवनागरी मजकुराच्या प्रत्येक क्रमांकात ८९६ मिळविले की कन्नड मजकूर सिद्ध झाला, असे कोणास वाटेल. 'कमल', 'नगर' अशा शब्दांपुरते ते खरेही आहे. परंतु याच शहराचे नाव घ्या. 'बेंगळुरू' संगणकात आठ क्रमांकांनी नोंदले जाते : २३४८, २३७५, २३०६, २३२७, २३५५, २३६९, २३५२, २३७०. बेरीज चोख केली तरी हाती येणारे नाव कन्नड वाचकास तीन ठिकाणी खटकेल, कारण तो आपल्या नगराच्या नावातील पहिला एकार ऱ्हस्व लिहितो, ळकारास दीर्घ ऊकार देतो आणि शेवटचा रु ऱ्हस्व ठेवतो; आपले शुद्धलेखन मात्र अन्त्य उकार दीर्घच मागते. कन्नडात एकार दोन, आपल्याकडे एक. तरी सारणी समान राहावी म्हणून ऱ्हस्व 'ऎ'साठी २३१८ हे घर आपल्याही पेठेत राखून ठेवलेले आहे, आणि मराठी माणूस त्याचे दार कधी ठोठावीत नाही.

याहून गमतीची गोष्ट 'ॲ'ची. मराठीच्या गरजेखातर हा वर्ण युनिकोडात २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, २४१८ क्रमांकावर दाखल झाला. त्यात ८९६ मिळवा, तर ३३१४ वर कन्नडातील उपध्मानीय भेटते, म्हणजे 'प' आणि 'फ' यांपूर्वीच्या विसर्गाचे जुने चिन्ह! 'बॅट'मधील अर्धचंद्राची तर त्याहून दैना : त्याच्या समोरचे कन्नड घर रिकामेच आहे.

वर्णमाला एक असली म्हणजे लेखनपद्धतीही एक होते, ही इस्कीच्या सिद्धान्तातून सहज होणारी समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. गोव्याची देवनागरी कोकणी मंगळूरकडील वाचकांसाठी कन्नड लिपीत उतरवावयाची झाली, तरी बेरजेच्या जोडीला त्या भाषेच्या लेखनाचे नियम जाणणारी तजवीज करावीच लागते.

पुढील लेखांकात ऱ्हस्वदीर्घाची फारशी फिकीर न बाळगणाऱ्या मोडीकडे वळू. तिला युनिकोडात स्वतःची पेठ मिळाली ती २०१४ साली, देवनागरीनंतर तेवीस वर्षांनी.